दोन बोटांची होडी

कन्ना चौकामागे, टॉवेलच्या कारखान्यावर
आमचा वर्ग.
खालचे माग बंद पडले
तरच खिडकीची काच थरथरायची थांबते.
टॅब एकच. कोपऱ्याला तडा,
त्यावर चिकटपट्टी, गेल्या जूनपासून.

खेळ साधा आहे.
नदी, होडी, दोन वल्ही.
डावं एकाचं, उजवं दुसऱ्याचं.
दोन्ही बोटं एका वेळी टेकली तर होडी पुढे.
एकट्यानंच दाबलं
तर ती जागच्या जागी गोल फिरते
आणि काठावरचं कासव खदखदून हसतं.

मल्लिनाथला कासव आवडलं.
तीन आठवडे तो होडी गोल फिरवत राहिला,
एकटा, खूश.
मी नोंदवहीत लिहिलं : सहकार्य, नाही.
पुढच्या आठवड्यात तेच.
मग लिहायचाही कंटाळा आला.

राजेश्वरी यमुलचं बोट उशिरा पोचतं.
खांद्यापासून निघतं, कोपरात अडकतं,
मनगटाशी भलतीकडेच वळतं,
मग हवेत थोडा वेळ
पत्ता विचारत उभं राहतं.
तिची आई दिवसाला हजार विड्या वळते.
पहिल्या दिवशी म्हणाली,
"बाई, हिचा हात तेवढा माझ्यावर गेला नाही बघा."

मंगळवारी पारा त्रेचाळीसवर. लाइट गेलेली.
मल्लिनाथनं बोट टेकवलं, उचललं.
टेकवलं. उचललं.
तिच्या हाताकडे बघितलं
(चेहऱ्याकडे तो कुणाच्याच बघत नाही)
आणि बोट काचेच्या वर
तसंच धरून ठेवलं.

मला वाटलं, विसरला.
"दाब की रे" म्हणणारच होते.
बरं झालं, घसा कोरडा पडला होता.
माझे वडील मागावर होते.
धागा तुटला की माग थांबायचा,
एरवी कुणासाठीच नाही.

तिचं बोट आलं.
होडी सरकली, वीतभर.
कासव हसलं नाही.
मल्लिनाथ हिरमुसला,
तरी पुन्हा बोट वर धरून बसला.

काठ लागलाच नाही. मध्येच बॅटरी संपली.
काळ्या काचेत दोन बोटं
आणि माझी हनुवटी.

मधल्या सुट्टीत त्यानं डबा उघडला.
कडक भाकरी, शेंगाचटणी.
डबा दोघांच्या मधे सरकवला,
तुकडा मोडला, चटणीत बुडवला
आणि हात हवेतच ठेवला.
तेल मनगटावरून ओघळत कोपराकडे निघालं.
मी रुमाल काढला,
परत कमरेला खोचला.

तिचा हात आत्ताशी खांद्यापासून निघाला होता.