पाच हजार लिटर

वेदगंगा यंदा एप्रिलातच गुडघ्यावर आली.
यमगर्णीच्या पुलाखाली म्हशी बसतात
तरी त्यांची पाठ कोरडी राहते.
म्हणून बाप्तिस्त मंडळींचा मला फोन:
रविवारी सकाळी हौद भरून पाहिजे, छातीएवढा.
पाच हजार लिटर, म्हटलं, नऊशे रुपये.
सात जण उतरणार आहेत, म्हणाले पाळक हादिमनी,
आणि जरा थांबून,
सातवी तुमचीच तबिथा.

घरात मला कुणी बोललं नव्हतं.

तबिथाला एकदा पाणी लागलंय.
अठ्ठावीस दिवसांची होती,
अक्कोळ रोडच्या आमच्या लुथरन देवळात,
पितळेच्या वाटीतून तीन वेळा, कपाळावर.
रडली, आणि मग बेंजामिन अण्णांचं ओलं बोट
लुचायलाच लागली.
लोक हसले. अण्णा नाही हसले.
म्हणाले, बघ दयासागर,
हिला मागता येत नाही अजून
आणि देवानं देऊन टाकलं.

"ते पाणी होतं," तिची आई म्हणाली, भाकरी थापता थापता.
माहेरची बाप्तिस्त ती; सोळा वर्षं हे वाक्य
तोंडात धरून बसली असणार.
"पोरीनं हो कुठं म्हटलेलं?
आधी विश्वास, मग पाणी.
आणि पाण्यानं कोण तरत नाही.
अंगठी घातली म्हणून लग्न लागतं काय?
लागलेलं असतं, म्हणून अंगठी."
भाकरी उलटली. बरोबर फुगली होती,
मला उत्तर सुचलं नाही.

शनिवारी रात्री अण्णांकडे गेलो.
गल्लीत तंबाखूचा खकाणा,
अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
विचारलं, दुसऱ्यानं पहिलं पुसलं जातं काय?
चिडले. आवाज अजून वेदीवरचाच.
पुन्हा बाप्तिस्मा घेणं म्हणजे देवाला सांगणं,
की तेव्हा तू दिलेला शब्द कच्चा होता.
त्याचं काम ते, आपलं नव्हेच.
मग बराच वेळ नुसता पंखा.
मग, माझ्याकडे न बघता:
"आपल्यात कसं आहे, मिळालेलं माणूस टाकूनही देऊ शकतो.
ते म्हणतात, एकदा तारला तो तारला.
आमचा थोरला वीस वर्षं देवळाची पायरी चढला नाही.
एवढ्या एका गोष्टीत
त्यांचं खरं निघावं असं वाटतं कधी कधी.
कुणाला सांगू नकोस."

रविवारी पहाटे बोअरवर टँकर भरला.
हौदात पाइप सोडला, पाणी निळ्या फरशीवर चढत गेलं.
बाही सारून मी कोपर बुडवलं,
बाळाच्या अंघोळीचं बघतात तसं.
गार होतं फार.
म्हटलं, जरा ऊन येऊ द्या.
पाळक म्हणाले, सोळा वर्षांची आहे ती.

विश्वास ठेवतेस का, त्यांनी कन्नडात विचारलं.
तिनं मराठीत हो म्हटलं.
मग पाठीमागं हात, आणि ती आडवी झाली,
पाणी तिच्यावरून मिटलं.
तेवढ्या वेळात मी कुठल्याच देवळाचा नव्हतो.
वर आली ती खोकत, लाल डोळ्यांनी,
आणि आईचा टॉवेल सोडून आधी मला शोधलं.

"पप्पा, तेव्हा मी रडलेले?"
"व्हय. लई."
"आता नाही रडले," म्हणाली,
आणि नाक शिंकरलं.

पाळकांनी पाकीट काढलं.
तारण फुकट असतं, हे दोन्हीकडचे म्हणतात,
डिझेलचं कोण म्हणत नाही.
मी सहा जणांचे घेतले.
सातशे एक्काहत्तर होतात, वरचा रुपया सोडला.
सातवीचं पाणी
मी आधीच कधीतरी दिलं होतं,
किंवा दिलं नव्हतं.
पावतीवर काय लिहू, त्यांनी विचारलं.
पाणी लिहा, म्हटलं.