रुमालाखाली

अमिकॅसिन. बोटाएवढी कुपी,
आत पाणी, किंचित पिवळट.
सकाळी साडेनऊला हिंदुराव साळेकर
पडद्याआड जाऊन लेंग्याची नाडी सैल करायचे
आणि भिंतीला विचारायचे,
"आज कुठली बाजू, सिस्टर?"
काल डावी. म्हणजे आज उजवी.
मग रजिस्टरमध्ये माझी सही, खाली त्यांची,
लफ्फेदार, सातवीपर्यंत शिकलेली.

तुर्भे स्टोअरच्या आमच्या दवाखान्यापासून
कांदा-बटाटा मार्केट चालत बारा मिनिटं.
त्यांना पंचवीस लागायची, वाटेत दोनदा बसून.
पाठीवर पन्नास किलोची गोण पेलणारा माणूस
स्वतःचे एकेचाळीस किलो
तीन पायऱ्या चढवताना कठडा धरायचा.

साध्या गोळ्यांना न जुमानणारा टीबी,
म्हणून सुई.
डॉक्टर बाईंनी समजावलं होतं :
हे मुळात मातीतल्या एका जंतूचं हत्यार;
दुसऱ्या जंतूच्या आत शिरतं
आणि त्याला त्याचीच अक्षरं चुकीची वाचायला लावतं.
हिंदुराव हसले. "मातीतलंच न्हवं?
मग वळखीचं हाय. गोणीला लागूनच येती ती."

चौथ्या महिन्यात म्हणाले,
घरचा कुकर हल्ली शिट्टीच देत नाही.
बायको म्हणते, देतो.
मोबाइल नुसता थरथरतो.
नात हाका मारते म्हणे,
मला तर तिचं तोंड तेवढं उघडताना दिसतं.

वाशीला कानांचा आलेख काढून आणला.
रेघ बरीच लांब सरळ चालते
आणि मग उजव्या टोकाला
हमालाच्या हातून सुटल्यासारखी
खाली.

कानात बारीक केस असतात, मी म्हटलं,
गेले की परत उगवत नाहीत.
मोठ्याने म्हटलं. आणखी मोठ्याने.
बाहेरच्या बाकावरचे सगळे गप्प झाले.
शेवटी केसपेपरच्या पाठीवर लिहिलं :
सुई थांबवली तर कान कदाचित राहतील.
छातीचं सांगता येत नाही.
डॉक्टर विचारतायत, तुमचं काय?

त्यांनी दोनदा वाचलं.
मग खांद्यावरचा रुमाल काढून
माझ्या हातावर टाकला.
कधीतरी त्यांनीच सांगितलं होतं,
जुने व्यापारी असाच भाव करायचे,
बोटं दाबून, झाकून,
"तिथं कानाचं कामच न्हाय, सिस्टर."

रुमालाखाली, माझ्या हातमोज्यावरून,
खरखरीत बोटांनी माझी तीन बोटं धरली.
सोडली.
मग सबंध पंजा.
तीन महिने अजून? तीन माणसं घरात?
आणि पंजा म्हणजे पाच,
की नुसताच धरला?

"काय ठरलं, हिंदुराव?"
ते माझ्या ओठांकडे बघत होते, फार मन लावून.
"व्हय," म्हणाले,
"घरी समदी बरी हायेत."

कुपी मुठीत कोमट होत गेली.
आज डावी बाजू होती.