झडप

अर्सेनी येगोरविच आमच्याकडे तीन महिने राहिला,
मॉडेल कॉलनीत, मागच्या खोलीत.
पाठ दुरुस्त करायला आला होता.
सकाळी सहाला योगासनांच्या वर्गाला, काखेत घडीचं ब्लँकेट;
येताना कोथिंबिरीची जुडी,
बोटांवर भाव करून आणलेली.

मी एकतीस वर्षं खडकीच्या कारखान्यात दुभाषी.
त्यांची यंत्रं, आपले फिटर, मधे मी.
बोल्ट, बुशिंग, वायसर, गळती:
रशियन मला एवढंच नीट येतं.
प्रेमाबिमाचं बेताचंच.

तो मला इंदुमती वासुदेवना म्हणे.
वडिलांना जाऊन चाळीस वर्षं झाली,
आणि हा त्यांना रोज दोनदा हाक मारी.

एका रविवारी वरच्या परचुऱ्यांचा ओजस मोबाइल घेऊन खाली आला.
"काकू, तुमच्याकडे कोण राहतंय माहितीये?"
पडद्यावर खांद्यापर्यंत केस, काळं जाकीट,
मैदान भरून झाडांवर चढलेली माणसं
आणि हजारो गळ्यांतून एकच ओळ:
झडप उघड! झडप उघड!
माझ्या मागे, ओट्यापाशी,
तोच माणूस दुधावरची साय काढत होता.

ओजसला सगळं पाठ.
बँडचं नाव 'तिसरी भट्टी'. प्लेटा चार.
ड्रमवाला परदेशी गेला, दुसरा बाटलीत गेला.
पुढे एका बँकेनं गाणं जाहिरातीला घेतलं,
त्या पैशांत यानं दात बसवले.

"मराठीत करून दे," तो एका रात्री म्हणाला.
"कशाला?"
"जिथे ते कुणालाच पाठ नाही
अशा भाषेत एकदा ऐकायचंय."

मी कारखान्याचा कोश काढला,
लाल रेक्झिनचा, कडांना ग्रीस.
पहिली दोन कडवी सरळ गेली:
रात्रपाळी, बर्फ, चाळीस फावडी कोळसा.
मग तो शब्द आला.
कवी असते तर कवाड लिहिलं असतं, किंवा मुक्ती.
मी विचारलं, जसं इंजिनियरला विचारत आले:
सरकती की बिजागरीची?
हातानं की साखळीनं?
आत उघडते की बाहेर?

त्यानं चहाचा पेला खाली ठेवला.
बराच वेळ फ्रीजच तेवढा बोलत होता.

"साखळीची," म्हणाला.
"साखळी तुटली होती. दोनदा कळवलं होतं, लेखी.
त्या रात्री पाळी माझी. मी गिटारची तार आणायला गेलो,
माझ्या जागी मित्या बसला.
सकाळी तसाच बसलेला, टोपीसकट.
गाल लाल. माझ्यापेक्षा तजेलदार.

तेहतीस वर्षं लोक ओरडतायत.
स्वातंत्र्य म्हणाले, प्रबंध लिहिले.
कुठल्या बाजूनं उघडते
हे एकानं विचारलं नाही."

मी लिहिलं: धुराड्याची झडप, साखळीची.
यमक बसलं नाही.
वाचून दाखवलं तेव्हा तो डोळे उघडे ठेवून ऐकत होता.
मग शब्द दोनदा जिभेवर घोळवला. झड-प.
"याचा आणखी काही अर्थ होतो?"
होतो, म्हटलं. घार पिल्लावर घालते ती.
"हं," म्हणाला. "तेही बरोबर."

दुसऱ्या दिवशी वर्ग बुडवला.
आमच्या ह्यांच्या पेटीतला स्क्रूड्रायव्हर घेऊन
न्हाणीघरात शिरला,
गॅस गीझरच्या वरची काचेची झडप
रंगकामापासून चिकटून बसली होती
तिच्या मागे लागला.
तासभर. शिव्या त्याच्या गावच्या, मला नवीन.
शेवटी एक कोपरा फुटला, पण उघडली.

मार्चमध्ये गेला. ब्लँकेट इथेच.
आता थंडीत आंघोळीला उभं राहिलं की
पाठीवर वारा येतो.
ओजस म्हणतो, काकू, नवी काच बसवून देतो.
बघू, म्हणते.