चिपाड

ऊस आमचा नव्हे.
तो करूळ घाट उतरून येतो
टेम्पोत, ओल्या पोत्यांखाली,
आणि चिवल्याच्या वाळूशेजारी
धाकू कांदळगावकराच्या चरकात चारदा पिळला जातो,
दोनदा सरळ, दोनदा दुमडून,
आल्याच्या तुकड्यासकट.

उरतं ते चिपाड.
पूर्वी ते खाडीत जायचं.
गुरं दोन घास घ्यायची, बाकीचं माश्यांचं.
भरतीला परत किनाऱ्याला लागायचं,
पत्ता चुकलेल्या टपालासारखं.

इनास लोबो बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा.
त्यानं मोडीत निघालेल्या ट्रॉलरचा दांडा आणला,
नळीत बसवला, पट्टा चढवला,
मला म्हणाला, "भर गो ह्यात."
मी भरलं.

पहिली कांडी हातात घेताच भुगा.
दुसरीत शेण घातलं. टणक झाली,
पण बेकरीवाला गनीभाई म्हणाला,
"शेणाच्या धगीर पाव? लोक माका फोडून काढतले."

तिसऱ्यांदा पेज.
खानावळीत रोज उरते, उकड्या तांदळाची, ती.
सुकायला चार दिवसांचे नऊ झाले;
हवेतच मीठ, हवेतच पाणी.
दहाव्या दिवशी इनासनं कांडीवर कांडी आपटली.
लाकडासारखी वाजली.
तो हसला नाही. फक्त पुन्हा एकदा आपटली.

आता पहाटे तीनला
मी दोन पोती घेऊन भट्टीशी उभी असते.
आंब्याची लाकडं गनीभाईनं
मागच्या भिंतीला अजून रचून ठेवलीत.
दमट रात्री त्यातलं एखादं लागतंही,
मी बघितलं न बघितलं करते.
राख माझी:
अर्धी माडाच्या मुळाशी,
अर्धी बांगड्याच्या तव्याला.

इनासच्या डोक्यात आता ताटल्या आहेत,
चिपाडाच्याच, लगद्याच्या.
पहिलीत सोलकढी ओतली,
ती टेबलावरून माझ्या मांडीवर आली.

बायका विचारतात, मिळतं काय गं यात?
पोत्यामागे साठ रुपये.
आणि धुतला तरी जात नाही असा गोड वास,
ज्याच्या मागावर मुंग्या
माझ्या उशीपर्यंत येतात.

काल एक कांडी मधेच मोडली.
आत मधमाशी, पंखांसकट दाबलेली.
रसाला आली असणार.
गनीभाईनं ती नखानं सोडवली,
खिडकीच्या कठड्यावर ठेवली,
मग दोन्ही तुकडे आत सारले.

जाळ बसेपर्यंत कुणीच काही बोललं नाही.
मग त्यानं लांब दांड्याच्या फळीनं
पहिले पाव आत सरकवले.