सहावी नळी

ये, आधी दार ओढून घे.
बाहेर उणे एकोणतीस आहे
आणि माझ्या टेस्ट बेंचला चाळीस अंशाचंच तेल लागतं.
गार तेलाचं माप खोटं.
पंप तिथे ठेव, पूर्वी लोण्याचे डबे असायचे तिथे.
कायनूच्या या टोकाची शेवटची डेअरी ही.
गाई गेल्या, बरण्या विकल्या,
मोजायची खोड तेवढी मागे राहिली. ती माझी.

तर वेती, गाडी आजोबांची व्होल्वो,
इंजिन मर्सिडीजचं, सहा सिलिंडरचं,
त्याचा कॉम्प्युटर मेला म्हणून तू
त्याच्या थोरल्या भावाचा पंप आणलास:
वायरी नाहीत, नुसत्या स्प्रिंगा आणि फिरती वजनं.
इथवर ठीक.
मग साडेपाचचे प्लंजर काढून साडेसातचे घातलेस,
स्वयंपाकाच्या टेबलावर, पावाच्या चुऱ्यात.
हसू नकोस.

शनिवारी ते सुसाट सुटलं, मी इथे ऐकलं.
किल्ली तुझ्या हातात आणि इंजिन बोंबलतंय,
थांब म्हटलं तर आणखी वर.
कौकोने सौनातली फळी उचकटून
हवेच्या तोंडावर दाबून धरली, म्हणून
आज तू दोन पायांवर आलास.
बर्फ किती काळं झालं रे? तळ्यापर्यंत?

हे बघ. सहाव्याची बाही एक दात पुढे बसलीय.
एकच दात.
रॅक मागे येतो, इथे अडतो;
गव्हर्नर बिचारा ओढतोय, ओढतोय,
आणि सहावा तेल सोडतच राहतो.
दोष पंपाचा नाही. त्याला तू जसं बसवलंस
तसाच तो वागला.

आता दात जागेवर. हजार ठोके. नळ्यांकडे बघ.
एकशे अठरा, एकशे वीस, एकशे वीस,
एकशे एकोणीस, वीस…
आणि सहावी अजून एकशे एकतीस.
हिला जरा फिरवू. केसाएवढं.
नाही, दीडशे मिळणार नाहीत.
तुझ्या टर्बोला तेवढी हवा पुरवता येत नाही;
वरचं सगळं धूर होऊन
मागून येणाऱ्याच्या तोंडावर.

परत हजार ठोके.

याच खोलीत मी दुधाची फॅट मोजायचे.
अशाच काचेच्या नळ्या, अशीच वाकून.
अठ्ठावीस वर्षं, आणि मापात पाप एकदाच.
तुझा आजोबा त्या उन्हाळ्यात नाचाला आला
तो हिल्काला घेऊन. माझ्याकडे बघून
टोपी काढली त्याने, सभ्यपणे.
सोमवारी हिल्काच्या घरचं दूध आलं,
चार पूर्णांक चार होतं. मी चार पूर्णांक दोन लिहिलं.
तसंच पुढे शरद संपेपर्यंत.
तिच्या बापाने गाय बदलली, वैरण बदलली,
कुणालाही विचारलं नाही. त्या घरची माणसं विचारत नाहीत.
तूही विचारू नकोस. तुझ्या आजीला
सांगायचं तर सांग, नाहीतर राहू दे.

एकशे वीस. सहाही.
ही वही घे, आकडे तूच लिही,
माझ्या हातचे नकोत.

आता टायमिंग. घरी गेल्यावर, घाई न करता.
पहिल्या नळीचा व्हॉल्व्ह काढ, तेल चढव,
इंजिन हाताने फिरव, पाना लांब घे.
आधी धार येईल, मग धार तुटेल,
मग थेंब.
सेकंदाला एक पडला की थांब. तिथे चोवीस अंश आले पाहिजेत.
नाही आले तर पंप कलव आणि पुन्हा मोज.
पुन्हा म्हणजे पहिल्यापासून.

पैसे राहू दे.
कौकोची फळी त्याला परत देऊ नकोस इतक्यात,
पहिल्या स्टार्टला शेजारी ठेव.