पेटी क्रमांक एकतीस

फाटक असं, की एका वेळी एकच माणूस मावतो.
आधी आत शिरायचं, मग ते अंगावर ओढून घ्यायचं,
मग पलीकडे सुटायचं.
गायींना हे गणित जमत नाही, म्हणून तसं केलंय,
डेरिक एकहर्स्ट सांगतात,
आणि माझी पाठपिशवी अडकते तेव्हा
गायीकडे पाहावं तसे
शांतपणे बघत उभे राहतात.

आत लसणाचा वास.
नजर पोचेल तिथवर रानलसूण, पांढऱ्या चांदण्या लागलेला,
आणि चूल कुठेच नाही.
"आठवडाभर आधी यायला हवं होतं," एनिड टॅप्सेल म्हणतात.
ब्लूबेल्स ओसरल्यात.
उरलासुरला निळा बुंध्यांच्या आडोशाला,
धुऊन धुऊन विटलेल्या परकरासारखा.
मला तेवढाही पुष्कळ वाटतो. बोलत नाही.

एकहर्स्टांच्या खिशात नारिंगी रंगाचा फवारा.
अ‍ॅशच्या झाडांना बुरशी लागलीय,
शेंड्यापासून खाली उतरत येणारी.
खोडावर ठिपका म्हणजे येत्या हिवाळ्यात करवत.
दोनशे अकरा ठिपके झाले, सगळे त्यांच्या हातचे.
ही झाडं त्यांच्या वडिलांनी लावलेली असती
तर सांगायला सोपं गेलं असतं.
तसं काही नाही. वाऱ्याने पेरली, वाढली.

आपण आलोय ते मात्र पेट्या मोजायला.
हेझलच्या फांद्यांना बांधलेल्या लाकडी पेट्या,
भोक खोडाच्या बाजूला, म्हणजे पाखरांना चटकन सापडू नये.
तरी चार नंबरमध्ये एक पाखरू अंड्यांवर बसलेलंच.
झाकण हळूच खाली.
बारामधून एक दांडगा उंदीर उसळतो,
एनिडबाईंच्या बाहीवरून खांद्यावर, खांद्यावरून गायब,
आणि रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंच्या तोंडून
मी एक नवा इंग्रजी शब्द शिकते.

एकवीस रिकामी. बावीस रिकामी.
सव्वीसमध्ये गोगलगायी.

एकतीस.
भोकात फडकं कोंबून त्या पेटी उतरवतात,
मोठ्या पिशवीत ठेवून उघडतात.
हनीसकलच्या सालीचा विणलेला गोळा,
त्यात आणखी एक गोळा, सोनेरी,
शेपटी नाकावरून पांघरलेली.
डॉरमाऊस.
हातात घ्यायचा परवाना फक्त त्यांच्याकडे आहे.
मी बोटाच्या टोकाने तळहाताखालचा त्यांचा मोजा शिवते,
तोसुद्धा गार लागतो.
"मेलंय?"
उत्तर न देता त्या तळहात माझ्या कानाशी आणतात.

घोरतंय.
सुईच्या नेढ्यातून कुणी फुंकर घालावी
इतकं बारीक, आणि मग बराच वेळ काही नाही,
आणि मग पुन्हा.

सतरा ग्रॅम, पिशवी वजा जाता.

पेटीशेजारी एक उंच अ‍ॅश.
भोवती सगळं रान हिरवं, हा एकटा उघडा,
काळ्या कळ्या मिटून.
ठिपका नाही.
एकहर्स्ट मान मागे टाकून पाहतात, टोपी पडेपर्यंत.
"हे झाडच आळशी," म्हणतात,
"ओकच्याही मागून पालवतं.
गेलंय की उशीर करतंय, जूनशिवाय कळत नाही."
"मग गेल्या जूनमध्ये?"
"गेल्या जूनमध्ये माझा गुडघा बदलला."
"आणि त्याच्या आधीच्या?"
"त्याच्या आधीच्या वेळी डबा संपला होता,"
हे एनिडबाई सांगतात, तोंडात तार धरून,
पेटी पुन्हा बांधताना.
ते खिशातला डबा काढून हलवतात.
आत गोळी खुळखुळते. रंग भरपूर आहे.
डबा परत खिशात.

तक्त्यात तापमान अकरा, ढग,
झोपलेले एक, जागे शून्य.
'शेरा' या रकान्यावर पेन्सिल थांबते
आणि पुढच्या पेटीकडे जाते.

परतताना फाटकाशी मी
पाठपिशवी आधीच उतरवते.
एकहर्स्ट मान डोलावतात,
कळपातली एक तरी शिकली म्हणून.