गुडगुडचा स्वेटर

एसीच्या नळीखाली ठेवलेल्या बादलीत
एक जिन राहतो, असं मी लिहिलं.
नाव गुडगुड.
तीन इच्छा वगैरे त्याला जमत नाही.
थंडी मात्र वाजते,
म्हणून मरून रंगाचा स्वेटर.

मग कुर्ली आली, सात पायांची.
आठवा कुठे गेला विचारलं की
दर वेळी नवी थाप मारते.
आणि शिडोबा, मोडीत निघालेल्या गलबताचं शीड:
रात्री स्वतःची घडी घालतो,
वारा सुटला की झोपेत बडबडतो, कच्छीत.

मुहर्रकच्या या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर,
दातांच्या दवाखान्यातून परतल्यावर
मी रोज दोन पानं लिहिते.
मिस्बाह परकार ऐकते.
तिच्या आईला इस्पितळात रात्रपाळी,
म्हणून ही माझ्या सोफ्यावर,
पाय माझ्या मांडीवर, खजुराची बी गालात.
मराठी वाचता येत नाही तिला,
चुका तेवढ्या बरोबर सापडतात:
"काल कुर्ली डाव्या बाजूला झोपली होती."

तिघं एकमेकांचे कोणी नव्हते.
ते 'नव्हते' कुठल्या ओळीत पुसलं गेलं
मलाही आता सापडत नाही.
बहुधा तिथे,
जिथे स्वेटरची उसवलेली बाही कुर्लीने
रात्रभर नांगीत धरून ठेवली,
कापली जाऊ नये म्हणून
नांगी न मिटता.

काल शेवट वाचला.
गुडगुड आपल्या दिव्यात, कुर्ली समुद्रात,
शिडोबा मांडवी बंदराला. जो तो घरी.
अशा पुस्तकांत तसंच असतं ना,
दार उघडतं, जग दिसतं,
मग दार मिटतं
आणि ताटातला भात अजून गरम.

मिस्बाह उठून बसली.
बी तोंडातून काढून मुठीत घेतली.
"यांचा व्हिसा संपला काय?"

डोक्यावरून विमान गेलं, इतकं खालून
की बादलीतलं पाणी थरथरलं.
माझा मार्चमध्ये संपतो.
तिला सांगितलेलं नाही.

"तसं नाही गं," मी म्हटलं, "पण तिघं
एका बादलीत किती दिवस मावणार?"

तिने माझ्याकडे पाहिलं,
जशी मी पाहते
दात न घासता आलेल्या पेशंटकडे.

"मग लिही ना. मोठी बादली आणली."

पुन्हा आडवी झाली.
मी पेनाचं टोपण शोधत होते, ते तिच्याच पाठीखाली.

"निळी," झोपता झोपता म्हणाली,
"झाकणवाली नको."